बोली न लागणाऱ्या गावाकडून

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातले, चिखली-खामगाव रस्त्यावरचे बाजाराचे गाव. बल्लाळदेवीच्या टेकडीमुळे आसपासच्या पंचक्रोशीला ते ठाऊक आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. सार्वजनिक सेवांच्या खासगीकरणावरच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना मी मुद्दाम या गावापासून सुरू करतो आहे. अमडापूरची वीज, अमडापूरचे पाणी किंवा अमडापूरला येणारी एसटी आम्हाला चालवायला द्या, अशी मागणी घेऊन कोणती कंपनी आल्याचे ऐकिवात नाही. या विषयावरचे बहुतेक लेखन जिथे बोली लागते तिथे उभे राहून झाले आहे: मुंबईचा विमानतळ, पुण्याचा द्रुतगती मार्ग, नागपूरचे पाणी. जिथे बोली लागत नाही तिथून तेच चित्र वेगळे दिसते, आणि राज्यातली बहुतेक गावे तिथेच आहेत.

करार मात्र सगळे इथवर पोहोचतात. महावितरणचे एखादे घरगुती बिल हातात घेऊन सावकाश वाचावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी एकाखाली एक येतात. घराला महिनाभर कुलूप असले तरी स्थिर आकार चुकत नाही. वीज महावितरणने कोणाकडून, किती वर्षांच्या कराराने घेतली याचा हिशेब वीज आकारात असतो. कोळसा किंवा गॅस महागला की त्याचा भार इंधन समायोजनाच्या ओळीतून खाली उतरतो. अमडापूरच्या ग्राहकाने यातल्या एकाही करारावर सही केलेली नाही, पण प्रत्येक कराराचा एक तुकडा तो दरमहा फेडतो. टोलचेही तसेच. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला तेव्हा मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे आकार होता. ज्याने तो रस्ता पाहिलाही नाही, त्याच्या दुकानातल्या मालाच्या भाड्यात मालट्रकचा टोल बसलेला असतो.

खासगीकरणाचा विषय नवा आहे असे आपल्याला वाटते, कारण तो आपल्याकडे १९९१ नंतरच्या शब्दांत आला. वऱ्हाडाला त्याची ओळख फार जुनी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही लंडनमध्ये भागभांडवल उभारलेली खासगी कंपनी होती. सरकारने तिला जमीन फुकट दिली आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली. गाडी तोट्यात गेली तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे शेतसाऱ्यातून. खर्च आटोक्यात ठेवण्याचे कंपनीला काही कारणच उरले नाही, आणि रूळ अंदाजापेक्षा कितीतरी महाग पडले. १८६९च्या सुमारास सरकारने धोरण बदलले आणि काही मार्ग स्वतः बांधायला घेतले. त्या बदलाची एक पहिली खूण बुलढाणा जिल्ह्यातच आहे. जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा सरकारी पैशाने झाला, आणि १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. अर्थात हे सारे कापसासाठी. गावांच्या सोयीसाठी नव्हे. उलट मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद मार्गाची 'शकुंतला' किलिक निक्सन या कंपनीच्या छत्राखाली उभी राहिली, आणि देशातल्या रेल्वे एक झाल्या तरी तिची मालकी कंपनीकडेच राहिली. रेल्वेने गाडी चालवायची आणि कंपनीने मोबदला घ्यायचा, असा तो व्यवहार. रूळ कोणी दुरुस्त करायचे हा प्रश्न दोघांच्या मध्ये पडून राहिला आणि गाडी त्यात मेली. एकाच विदर्भात दोन्ही नमुने शेजारी-शेजारी आहेत, म्हणून इथल्या वाचकाला हा विषय समजायला परदेशातून सुरुवात करावी लागत नाही.

हमीच्या या पद्धतीवर नेमकी टीका मराठी माणसांनीही केली. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी आकडे मांडून दाखवले की रेल्वेच्या हमीवर जो पैसा जातो, त्याने कालवे झाले असते. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले त्याच परंपरेतले. पुढच्या पिढीत धनंजयराव गाडगीळ यांनी लहानशा वाटणाऱ्या विषयाला हात घातला: मोटारबस. १९३५मध्ये त्यांनी आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या खासगी बसवाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. खासगी गाड्यांची चढाओढ, त्यांचे खर्च, त्यांचे भाडे, सगळे त्यांनी जागेवर जाऊन तपासले. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. डॉ. आंबेडकरांनी १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली होती. १९४८च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. या सगळ्यांमागे एक साधा हिशेब होता. चांगल्या मार्गावरचा नफा तोट्याच्या मार्गाला लावायचा. पुणे-मुंबईच्या गाडीने आडगावच्या मुक्कामी गाडीचा खर्च उचलायचा.

त्या हिशेबाचे पुढे काय झाले हेही लपवता कामा नये. या संग्रहातले काही लेखक सार्वजनिक मालकीचे कट्टर समर्थक आहेत, तरी त्यांनीही हे लपवलेले नाही. वीज मंडळाने कृषिपंपांना मीटरशिवाय, अश्वशक्तीवर वीज दिली; मग कुठे पंपाने किती वीज घेतली आणि कुठे आकडे टाकून गेली याचा मेळच राहिला नाही. चोरी आणि थकबाकी दोन्ही 'शेती' या एका रकान्यात ढकलता येऊ लागल्या. २००५नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. डीपी जळाली की शेतकऱ्यांनी वर्गणी काढायची, ट्रॅक्टरवर रोहित्र घालून न्यायचे आणि दुरुस्त झालेले परत आणायचे, हे चिखली तालुक्यातल्या कुठल्याही शिवाराला सांगावे लागत नाही. सार्वजनिक सेवा सार्वजनिक आहे म्हणून आपोआप चांगली ठरत नाही. खासगीकरणाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मंडळींचे बळ या अनुभवात होते, आणि तो अनुभव खरा होता.

सिद्धांताचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण पुढचे लेख त्याच शब्दांत बोलतात. ॲडम स्मिथ यांना बाजारपेठेचे आद्य पुरस्कर्ते म्हणून ओळखले जाते, पण १७७६च्या त्यांच्या ग्रंथात रस्त्यांच्या टोलबद्दल एक मार्मिक भेद आहे. कालव्याचा टोल खासगी हाती द्यायला हरकत नाही, कारण मालकाने कालवा राखला नाही तर नावा थांबतात आणि त्याचेच उत्पन्न बुडते. रस्त्याचा टोल मात्र देऊ नये, कारण रस्ता खड्ड्यांनी भरला तरी गाड्या कशाबशा जात राहतात आणि टोल येत राहतो. आपल्याकडच्या कितीतरी टोलनाक्यांवरचे भांडण या दोन वाक्यांत मावते. फ्रेंच अभियंता द्युपुई यांनी १८४४मध्ये पुलाच्या उदाहरणावरून दाखवले की टोलमुळे जे लोक पूल ओलांडायचेच थांबतात, त्यांचे नुकसान कोणाच्याच वहीत दिसत नाही.

विसाव्या शतकात प्रश्न वेगळ्या अंगाने आला. एका गावात विजेच्या दोन तारा, पाण्याच्या दोन नळवाहिन्या टाकणे परवडत नाही. मग स्पर्धा आणायची कुठून? हॅरोल्ड डेमसेट्झ यांनी १९६८मध्ये उत्तर दिले: सेवेत स्पर्धा नसली तरी कंत्राट मिळवण्यासाठी स्पर्धा लावता येते. जो कमी दर मागेल त्याला काम द्या. निविदेवरचा आपला सगळा विश्वास इथून येतो. ऑलिव्हर विल्यमसन यांनी १९७६मध्ये त्यातली मेख दाखवली. निविदेच्या दिवशी दहा जण असतात, पण सही झाल्यावर उरतो एकच; आणि मग तो म्हणेल त्या अटींवर पुन्हा बसावे लागते. ऑलिव्हर हार्ट यांनी ते आणखी पुढे नेले: वीस-तीस वर्षांत काय घडेल हे कुठल्याच करारात पूर्ण लिहिता येत नाही, म्हणून जे लिहिलेले नाही त्यावर हक्क कोणाचा, यावर सारे अवलंबून असते. जागतिक बँकेचे लुईस गुआश यांनी २००४मध्ये लॅटिन अमेरिकेतले हजाराहून अधिक करार तपासले. वाहतुकीतले निम्म्याहून जास्त आणि पाण्याचे सुमारे तीन-चतुर्थांश करार पुन्हा उघडावे लागले होते, तेही सरासरी दोन वर्षांच्या आसपास. कमी दर लावून काम घ्यायचे आणि नंतर वाढवून मागायचे, याला आपल्याकडे कंत्राटदारीची जुनी चाल म्हणतात. गुआश यांनी तिचे प्रमाण मोजले.

चिलीने यावर एक तोड काढली, ती मला विशेष वाटते. सांतियागो-वालपराइसो रस्त्यासाठी १९९८मध्ये बोली वर्षांवर लावली नाही, एकूण वसुलीवर लावली. ठरलेली रक्कम आजच्या मूल्यात वसूल झाली की करार संपतो. वाहतूक वाढली तर लवकर, घटली तर उशिरा. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाशी याची तुलना करून पाहावी. २००४मध्ये ९१८ कोटी रुपये आधी घेऊन १५ वर्षांची टोलवसुली एका कंपनीला दिली गेली. वाहने अंदाजापलीकडे वाढली, तरी मुदत होती तितकीच राहिली, आणि पुण्यातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी 'वसुली पूर्ण झाली, आता टोल कशाचा?' असा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. करारात मुदत लिहिली होती. वसुलीची मर्यादा नव्हती. कोल्हापुरात सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी शहराच्या वेशीवरच नाके बसले तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे अख्खे शहर रस्त्यावर उतरले. टोल गेला, पण कंपनीची भरपाई सरकारच्या माथी आली. टोल रद्द होतो तेव्हा खर्च रद्द होत नाही, तो फक्त वाहनचालकाकडून करदात्याकडे जातो. अमडापूरचा करदाताही त्यात आला.

महाराष्ट्राने या विषयाची सर्वांत मोठी फी दाभोळला भरली. १९९२मध्ये तिथल्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी समझोता झाला, १९९३मध्ये वीज खरेदी करार. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही असे कळवून कर्ज नाकारले होते. १९९५मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, आणि वाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा, २,१८४ मेगावॅटचा, पुन्हा स्वीकारला. करारातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचा आकार द्यायचा. दर डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की वीज महाग. आणि मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्याची हमी, राज्यानेही दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. एकोणिसाव्या शतकातली रेल्वेची ५ टक्क्यांची हमी नवा पोशाख घालून परत आली होती. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला. महाग नाफ्त्यावरची वीज मंडळ पुरेशी उचलू शकले नाही. न उचललेल्या विजेचा आकार मात्र चालूच होता. २००१मध्ये प्रकल्प बंद पडला, माधव गोडबोले समितीने निर्णयप्रक्रियेवर कडक ताशेरे ओढले, आणि वर्षअखेर एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली.

दाभोळचा एक चांगला वारसाही आहे. पुण्याच्या प्रयास गटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, करारातले आकडे उलगडून सामान्य वाचकापुढे ठेवले. १९९९मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीवर जाहीर सुनावणी होऊ लागली. वीजदराबद्दल ग्राहकाने लेखी हरकत घ्यायची आणि कंपनीने तिला उत्तर द्यायचे, ही रीत तिथून रुजली. नळाचे पाणी आणि रस्ते यांना असा आयोग अजूनही नाही, आणि तिथले करार अधिक अंधारात राहिले याचे ते मोठे कारण आहे असे माझे मत आहे.

दाभोळनंतर मोठी विक्री टळली, तुकड्यांची वाटणी सुरू झाली. जानेवारी २००७मध्ये भिवंडीची वीज टोरंटला फ्रँचायझीवर दिली. यंत्रमागांच्या त्या शहरात निम्म्याहून अधिक विजेचा पैसा येत नव्हता. काही वर्षांत तूट पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली. हे यश मान्य करायला हवे. त्याच नमुन्यावर औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर २०११मध्ये दिली गेली, आणि तिन्ही महावितरणकडे परत आली: औरंगाबाद २०१४मध्ये, जळगाव २०१५मध्ये, नागपूर २०१९मध्ये. पाण्याची गोष्टही अशीच दुभंगलेली आहे. नागपुरात २०१२पासून ऑरेंज सिटी वॉटर २५ वर्षांच्या कराराने पुरवठा पाहते. लातूरचा प्रयोग विरोधामुळे बंद पडला. औरंगाबादच्या 'समांतर' योजनेचा करार २०१६मध्ये महापालिकेने रद्द केला. एकच नमुना एका गावी तगतो आणि दुसऱ्या गावी मोडतो, याचे कारण मालकीत सापडत नाही. भिवंडीत उद्योगाचा मोठा वापर होता, त्यामुळे गळती थांबवली की पैसा लगेच दिसत होता. जिथे असा ग्राहक नाही, तिथे कंपनीचे गणित महावितरणचीच देणी थकवून जुळवले गेले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ४ जानेवारी २०२३ला राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले. भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात महावितरणच्या जोडीने वीज पुरवण्याचा समांतर परवाना मिळावा असा अर्ज अदानी समूहाच्या कंपनीने केला होता, त्याविरुद्ध हा संप होता. सरकारशी चर्चा होऊन संप त्याच दिवशी मिटला. त्या अर्जाकडे चिखली तालुक्यातून पाहावे. त्या पट्ट्यातले कारखाने आणि मोठी दुकाने खर्चापेक्षा जास्त दराने वीज घेतात, आणि त्या जादा पैशातून कृषिपंपांचा व गरीब घरांचा दर खाली राहतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. असे ग्राहक निघून गेले तर त्यांना वीज कदाचित स्वस्त मिळेल, सेवाही सुधारेल. उरलेल्या जाळ्याचा खर्च मात्र उरलेल्यांवरच पडेल. महावितरणकडे दूरच्या तारा, थकबाकी आणि जळलेल्या डीपी राहतील. ही भीती खोटी आहे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की सबसिडी दरातून लपवून देण्याऐवजी सरकारने अर्थसंकल्पातून उघडपणे द्यावी. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण अर्थसंकल्पातली तरतूद दरवर्षी मागावी लागते; दरातली वाट आपोआप चालू असते. बोली न लागणाऱ्या गावाला या दोन्हींतला फरक जीवनमरणाचा आहे. खासगीकरणाचा आर्थिक परिणाम मोजताना गेलेल्या तुकड्याबरोबर मागे राहिलेला तुकडाही मोजला पाहिजे, हे या पुस्तकाचे सूत्र आहे.

रस्त्यांनी हा धडा आपल्या दारात आणला. अमरावती-चिखली या राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम (हे चिखली आपल्या तालुक्याचे नव्हे, महामार्गावरचे वेगळे गाव) आयएल अँड एफएस गटाच्या कंपनीकडे होते. २०१८मध्ये तो समूह कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला आणि अकोला-खामगाव-नांदुऱ्याच्या लोकांनी उखडलेल्या रस्त्याची, वळणमार्गांची धूळ खाल्ली. नंतर नव्या कंत्राटदारांना काम दिले गेले, आणि जून २०२२मध्ये याच रस्त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करून विक्रम झाला. विक्रमाची बातमी सगळीकडे झळकली. मधल्या वर्षांत मोडलेल्या गाड्यांचा आणि चुकलेल्या दवाखान्याच्या वेळांचा हिशेब कोणी ठेवला नाही. द्युपुईंनी सांगितलेले अदृश्य नुकसान ते हेच.

इतर देशांतही फेरविचार झाला. ब्रिटनने १९९२मध्ये सुरू केलेली खासगी वित्ताची योजना कॅरिलियन कंपनी बुडाल्यावर २०१८मध्ये नव्या कामांसाठी बंद केली. पॅरिसने २०१०मध्ये पाणी पुन्हा महापालिकेकडे घेतले. आपल्याकडे विजय केळकर समितीने २०१५मध्ये स्वतंत्र नियामक आणि करार पुन्हा उघडण्याची स्पष्ट रीत सुचवली. तरीही २०२१मध्ये केंद्राने ६ लाख कोटींच्या सरकारी मालमत्ता भाड्याने देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. रस्त्यांच्या 'हायब्रिड ॲन्युइटी' पद्धतीत सरकार बांधकामाच्या काळात ४० टक्के देते आणि उरलेले हप्त्याने फेडते. टोल नसेल तिथे लोक गप्प असतात, पण हप्ता पुढच्या पंधरा वर्षांच्या अर्थसंकल्पावर चढलेला असतो. स्मार्ट मीटर, कृषी फीडरसाठी खासगी सौर प्रकल्पांशी २५ वर्षांचे वीज खरेदी करार, एसटीत भाड्याच्या गाड्या, हे सगळे आज चालू आहे. सौर फीडरबद्दल मला आशा आहे: दिवसा पाणी देता आले तर रात्री विंचूकाट्यातून मोटार सुरू करायला जाणे थांबेल, आणि युनिटला तीन रुपयांच्या आसपासची वीज महावितरणलाही परवडेल. दूरसंचारात स्पर्धेने फोन प्रत्येकाच्या हाती आला, हेही खरे. पण तिथे ग्राहक कंपनी बदलू शकतो. विजेच्या मीटरची कंपनी अमडापूरचा ग्राहक बदलू शकणार नाही.

हे पुस्तक बाजू घेण्यासाठी लिहिलेले नाही, तरी त्यात मते आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. संपादन करताना आम्ही प्रत्येक लेखकाला तीन प्रश्न दिले. तोटा झाला तर कोणाचा? करार मोडला तर सेवा कोण देणार? आणि करार झाल्यावर शेजारच्या, न निवडलेल्या गावाचे काय झाले? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर शोधताना लेखकांची सर्वांत जास्त दमछाक झाली, कारण त्या गावांचे आकडे वेगळे ठेवण्याची सरकारी पद्धतच नाही. लेखांची भाषा साधी ठेवली आहे; बिल, टोलची पावती, निविदेची जाहिरात यांचे नमुने जागोजागी उलगडून दाखवले आहेत, म्हणजे ग्रामपंचायत सदस्याला किंवा ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला नियामक आयोगापुढे हरकत लिहिताना ते उपयोगी पडावेत. आरोग्य आणि शिक्षण मुद्दाम बाहेर ठेवले. त्यांचे अर्थकारण वेगळे आहे आणि स्वतंत्र पुस्तक मागते.

शेवटचा लेख खामगाव-जालना रेल्वेवर आहे. चिखलीवरून जाणाऱ्या या मार्गाची मागणी शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. पाहण्या झाल्या, अहवाल झाले, आणि दरवेळी उत्तर आले की उत्पन्न पुरेसे नाही. कोणतीही खासगी कंपनी हा मार्ग बांधायला पुढे येणार नाही, हे लेखकाने आकड्यांनी दाखवले आहे. राज्य सरकारने निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. उरलेल्या निम्म्याचे काय, आणि १८७०मध्ये कापसासाठी जे सरकारला परवडले ते आज माणसांसाठी का परवडू नये, हा लेखकाचा सवाल आहे; वाचकांनी त्याचे गणित स्वतः तपासून पाहावे.